अभिनंदन, तुमचा बॉक्स बंद होत आहे!

"अभिनंदन!" असं टीव्हीवर आलं तेव्हा सहदेव परबांना क्षणभर खरंच बरं वाटलं. माणसाचं असंच असतं. वर्षानुवर्षं कुणी अभिनंदन केलेलं नसलं की टीव्हीने केलं तरी चालतं. परब चहाचा कप घेऊन पडद्याजवळ गेले, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पुढचं वाचलं. नभदीप डिजिटल कंपनीचे मानाचे ग्राहक म्हणून त्यांची निवड झाली होती. कशासाठी? तर त्यांचा धडधाकट, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला सेट-टॉप बॉक्स येत्या काही दिवसांत कायमचा बंद होणार होता, आणि त्याच्या जागी अठराशे रुपये अपग्रेड चार्ज भरून नवा बॉक्स घ्यायचा मान त्यांना मिळाला होता. मजकुराखाली एक मुलगी उगाचच हसत होती.

"अगो, हकडे ये," परबांनी स्वयंपाकघरात हाक मारली. "आपलो सत्कार चल्लो हा!"

सुलक्षणाबाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. बाकीचं काही न वाचता त्यांनी फक्त रक्कम वाचली.

"भरून टाका," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी माझा कार्यक्रम आहे. त्याच्या आधी टीव्हीला काही झालेलं मला चालणार नाही."

आता ह्या कार्यक्रमाचं सांगायलाच हवं, कारण त्याच्यापुढे बॉक्सबिक्स सगळं फिजूल. एका मराठी चॅनेलवाल्यांनी विक्रोळीला कन्नमवार नगरच्या समाजमंदिरात येऊन तिथल्या महिला फुगडी मंडळाचं शूटिंग केलं होतं. गावाकडे गणपतीत बायका फुगड्या घालतात, तशा ह्या इथेही घालतात, आणि मंडळाच्या म्होरक्या सुलक्षणाबाई. साठी उलटली तरी त्या पदर खोचून गिरकी घेतात तेव्हा तरण्या पोरी भिंतीला लागतात. शूटिंगवाले इतके खूश झाले की त्यांनी सुलक्षणाबाईंना एकटीला मध्ये उभं करून पुन्हा पुन्हा फिरायला लावलं. तेव्हापासून त्यांनी वेंगुर्ल्याच्या बहिणीला, कुडाळच्या नणंदेला आणि कांजूरमार्गच्या विहीणबाईंना फोन करून वेळ कळवली होती. विहीणबाईंना तर दोनदा. शिवाय अख्ख्या बिल्डिंगला रविवारी संध्याकाळी घरी यायचं आमंत्रण, आणि बटाटेवड्यांचा बेत. जन्मात पहिल्यांदा बाई स्वतःला टीव्हीवर बघणार होत्या.

"भरतो," असं परब म्हणाले असते तर गोष्ट इथेच संपली असती आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो असतो. पण परबांनी कप टीपॉयवर आपटला.

"बंद त्यांनी करायचा आणि चालू करायचे पैसे मी द्यायचे? माझ्या खिशाक काय भोक पडलाहा?"

माणूस कंजूष नाही हो. गणपतीच्या वर्गणीत पहिलं नाव परबांचं असतं. पण का, ते न सांगता कुणी पैसे मागितले की त्यांचं डोकं सटकतं, आणि एकदा सटकलं की ते जागेवर यायला फार वेळ घेतं.

सकाळी त्यांनी भीमराजला नाक्यावर गाठलं. भीमराज म्हणजे त्या भागाचा केबलवाला. पूर्वी त्याची स्वतःची केबल होती, गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकायचा, आणि चॅनेल गेलं की लोक त्याला शिव्या घालायचे. मग कंपनी आली. वायर कंपनीची झाली, पैसे कंपनीचे झाले, शिव्या खाण्याचं काम तेवढं भीमराजकडे राहिलं.

"भीमराज, माझा बॉक्स चालतोय ना?"

"मस्त चालतोय काका."

"मग बंद का करतोस?"

"मी कुठे? वरून करतायत."

"वरून म्हणजे कोण?"

भीमराजने नुसतं वर बघितलं. वर कावळा बसला होता.

"बरं, मग माझा जुना बॉक्स परत घ्या आणि त्याचे पैसे द्या. मी विकत घेतलाय तो."

"नाही काका, बॉक्स विकत नसतो. बॉक्स कंपनीचाच. तुम्ही फक्त वापरताय."

"अरे, मग मागे तो बिघडला तेव्हा दुरुस्तीचे पैसे माझ्याकडून कसे घेतलेस?"

"तेव्हा तो तुमचा होता ना काका," भीमराज समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि स्कूटरला किक मारून निघून गेला.

परबांनी हेल्पलाइन लावली. मराठीसाठी तीन दाबा, असं फोनमधल्या बाईंनी सांगितलं. परबांनी तीन दाबलं. मग बासरी लागली. परबांना बासरी आवडते, पण प्रत्येक कडव्यानंतर तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगितल्यावर कोण ऐकेल? बऱ्याच वेळाने एक मुलगा हिंदीत बोलायला लागला.

"मी तीन दाबलंय," परब म्हणाले. "तीनचा माणूस द्या."

"सर, तीनवाले सर लंच पे गये हैं."

परबांनी तीनवाल्या सरांचं जेवण होऊ दिलं. मीठ कमी-जास्त झालं असेल, पानबिन खात असतील, सगळं धरून पुन्हा फोन लावला. तीनवाले सर फारच गोड बोलत होते.

"सर, बॉक्स एकदम फ्री आहे. चार्ज फक्त अपग्रेडचा आहे."

"अपग्रेड म्हणजे नेमकं काय?"

"नवीन बॉक्स, सर."

"तो फ्री ना?"

"एकदम फ्री, सर."

"मग अठराशे कसले?"

"अपग्रेडचे, सर."

ह्या चकरेत दोघं इतक्या वेळा फिरले की परबांना गरगरायला लागलं. शेवटी तीनवाले सर म्हणाले, "आणखी काही मदत करू का, सर?"

"आणखी?" परब ओरडले. "अरे, पहिली कुठे केलीस?"

त्याच संध्याकाळी परबांनी जिन्यात सभा घेतली. नोटीस प्रत्येकाच्याच टीव्हीवर आली होती, त्यामुळे सत्कारमूर्तींची गर्दी चांगली होती. पहिल्या मजल्यावरचे विद्याधर करमरकर खुर्ची घेऊनच आले. करमरकर बँकेतून रिटायर झालेले, आणि बोलतात ते बँकेच्या पत्रासारखं.

"परब, ही सरळसरळ अनुचित व्यापारी प्रथा आहे," ते म्हणाले. "यावर उपाय एकच. सामुदायिक असहकार. एकानेही पैसे भरता कामा नयेत. एक जरी फुटला, तरी संपलं."

"कोण फुटतंय ते बघतोच," परब म्हणाले. "ह्या बिल्डिंगमधून नभदीपला एक पैसा जाणार नाही. माझा शब्द आहे!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरचा सुबोध, जो घरी बसूनच ऑफिसला जातो, तेवढा हसला. "काका, हल्ली टीव्ही बघतं कोण, यार? काकूंचा कार्यक्रम मोबाईलवर बघा ना."

"मोबाईलवर?" सुलक्षणाबाई मागच्या पायरीवरून कडाडल्या. "एवढीशी मुंगीएवढी दिसायला गेले होते मी तिथे? मेल्या, माझी फुगडी काय तुझ्या खिशात मावेल?"

सुबोधने हसू गिळलं.

आणि ठरल्या दिवशी नभदीपने शब्द पाळला. अख्ख्या बिल्डिंगमधल्या बातम्या, मालिका आणि क्रिकेट एका झटक्यात मेलं. सगळीकडे अशी शांतता पसरली की वरच्या मजल्याची कुकरची शिट्टी खालचे लोक मोजू लागले. माणसं जेवताना एकमेकांकडे बघू लागली, आणि त्यावरून एक-दोन घरांत भांडणं झाली. पण कुणी फुटलं नाही. येता-जाता लोक परबांना विचारायचे, "काका, काय म्हणतेय लढाई?" आणि परब छाती काढून म्हणायचे, "झकास चाललीय!" घरी सुलक्षणाबाई त्यांच्याशी फक्त जेवायला या, एवढंच बोलत होत्या.

सुबोधला काकूंची दया आली. तो फोन घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, फोनवरचं टीव्हीवर दाखवतो, चिल." खटपट करून त्याने खरंच दाखवलं. परबांच्या टीव्हीवर सुबोधचा फोन भिंतीएवढा झाला. सुलक्षणाबाईंनी कौतुकाने शेजारणींना बोलावलं, सुबोधच्या हातात शिऱ्याची बशी दिली, आणि तेवढ्यात टीव्हीवर सुबोधचे साहेब उगवले. त्यांचा व्हिडिओ कॉल होता. गडबडीत सुबोधचं बोट नको तिथे पडलं आणि तो लागला. सुबोधने त्या दिवशी ताप आहे म्हणून रजा घेतली होती, आणि साहेबांना तो शिरा खाताना, पाच-सहा बायकांच्या मध्ये दिसत होता.

"गेट वेल सून, सुबोध," साहेब टीव्हीतून म्हणाले. त्यानंतर सुबोध मदतीला आला नाही.

पण खरा घाव पुढेच होता. सुलक्षणाबाई रोज संध्याकाळी वाटी घेऊन करमरकरांकडे विरजण आणायला जाऊ लागल्या. रोज विरजण! परबांच्या घरात सोलकढी चालते, दही कुणी खात नाही. पण भांडणात असलेल्या नवऱ्याने असले प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून परब गप्प होते. एका संध्याकाळी असहकाराची पुढची दिशा ठरवायला म्हणून ते स्वतःच करमरकरांच्या दारात गेले, बेलकडे हात नेला आणि तिथेच थांबले. आतून मालिकेचं गाणं येत होतं. हळू आवाजात, पण येत होतं.

करमरकरांच्या वसुधावहिनींनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. आत टीव्ही झगझगत होता. त्याच्या खाली नवा कोरा बॉक्स, त्यावर विणलेला रुमाल, जणू काय त्याने तो दिसणार नव्हता. सोफ्यावर करमरकर. आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत, हातात चकली घेऊन, सुलक्षणाबाई.

"परब," करमरकर उठून उभे राहिले. "मी तत्त्वतः संपूर्णपणे तुमच्याच बाजूचा आहे."

"आणि ह्यो बॉक्स?"

"बॉक्स वसुधाच्या नावावर आहे."

परब दारातूनच वळून घरी आले. त्यांना इतकं लागलं होतं की राग यायलासुद्धा वेळ लागला. थोड्या वेळाने सुलक्षणाबाई आल्या. वाटी रिकामीच होती.

"सगळ्या विक्रोळीने माझी शोभा बघितली तरी चालली असती," परब म्हणाले. "पण तू? तू त्या फितुराकडे चकल्या खातेस?"

"खाते. काय म्हणणं आहे?" सुलक्षणाबाईंनी वाटी ओट्यावर ठेवली. "लग्न झाल्यापासून बघतेय. आज पाण्याचं भांडण, उद्या मीटरचं, परवा लिफ्टचं. प्रत्येक भांडणाला मी डबा करून दिला. कधी म्हटलं नाही, की बस करा. आता एक गोष्ट माझी आहे. फिरत असते तेव्हा मी मला दिसत नाही हो. सगळ्या म्हणतात, सुलक्षणा, काय फिरतेस! मला कुठे ठाऊक, मी कशी फिरते? एकदा बघायचंय मला. करमरकरांच्या सोफ्यावर परक्यासारखं बसून नाही, माझ्या घरात, माझ्या माणसांत. रविवारी हा टीव्ही लागला पाहिजे. कसा, ते तुम्ही बघा."

परबांनी खरं सांगायचं तर त्याच क्षणी हार मानली. सकाळी कपाटातून पैसे काढले, शर्टाच्या आतल्या खिशात घातले आणि कुणाची नजर नाही असं बघून भीमराजच्या दुकानाकडे निघाले. तत्त्व गेलं खड्ड्यात, म्हणाले, बायकोचं एकदा होऊ दे. पण दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून हाक आली. बिल्डिंगमधलीच चार माणसं दूध घेऊन परतत होती.

"काय काका, भरायला आलात की काय?"

"मी?" परबांचा हात खिशावरून खाली आला. "मी बघायला आलो, कोण भरतंय ते!"

"वा काका! मानलं!" चौघं म्हणाले. "आम्हाला वाटलं, आता तुम्हीपण. घरी बायका खायला उठल्यात, पण तुम्ही आहात म्हणून आम्ही टिकून आहोत."

झालं! आपल्याच जिभेने घात केला. आता पैसे भरले तर चौघांना तोंड दाखवायची सोय नाही, आणि नाही भरले तर घरात दाखवायची नाही. परब पायरीवर तसेच उभे राहिले आणि मग एकदम म्हणाले, "शनिवारी कुर्ल्याला चला. कंपनीच्या ऑफिसात. सगळे. आता फोनबिन बास!"

शनिवारी रिक्षा भरभरून माणसं निघाली. करमरकरही आले, तत्त्वतः. सुलक्षणाबाई तेवढ्या आल्या नाहीत. त्या बटाट्यांच्या खरेदीला गेल्या होत्या, आणि जाताना परबांना म्हणाल्या, "मी वड्यांची तयारी करतेय. टीव्ही नाही लागला तर एकेक वडा हातावर ठेवून लोकांना परत पाठवायची जबाबदारी तुमची."

नभदीपचं ऑफिस काचेचं. आत थंडगार, लादी अशी की उभं राहिलं तरी पाय सरकतोय असं वाटावं. दारात टोकनचं मशीन. परबांनी टोकन घेतलं, नंबर आला, काउंटरवर गेले. काउंटरवरच्या मुलीने त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तक्रार इथे घेत नाही. तक्रार फक्त ॲपवर."

"मग इथे काय घेता?"

"पेमेंट."

मागून बिल्डिंगचा आवाज चढला, तशी आतल्या केबिनचं दार उघडून टायवाले साहेब आले. छातीवर बिल्ला, त्यावर नुसतं राज. मुलगी त्यांना राज सर म्हणत होती.

"देखिये अंकल, पॉलिसी है," राज सर म्हणाले. "तोंडी कंप्लेंट सिस्टममध्ये येत नाही. आणि सिस्टममध्ये नाही ती मी ऐकूच शकत नाही. कितीही बोला. यू आर जस्ट वेस्टिंग युअर टाइम."

"ऐकूच शकत नाही?"

"सॉरी अंकल."

"ठीक आहे," परब म्हणाले. "मग मी तुमच्याशी बोलतच नाही."

काउंटरच्या मागे भिंतीवर गणपतीची तसबीर होती, हार घातलेली, खाली लाल दिवा. परबांनी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, तसबिरीकडे तोंड केलं आणि हात जोडले. "ह्याला ॲप लागत नाही," ते म्हणाले. बिल्डिंगच्या माणसांना लगेच कळलं. सगळ्यांनी चपला काढल्या.

कोकणातली माणसं देवाला गाऱ्हाणं घालतात. प्रार्थनेत देवाला विनवतात. गाऱ्हाण्यात त्याला जरा बजावूनच सांगतात. एकजण खड्या आवाजात सांगत जातो आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आणि एकदा व्हय म्हटलं की ते देवासमोरचं झालं, तिथे मागे फिरणं नाही. कन्नमवार नगरात सत्यनारायण असो की गणपती, गाऱ्हाणं परबांचंच असतं, आणि ते घालायला लागले की रस्त्यावरचे लोक थांबतात.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या, आणि ह्या नभदीपच्या काउंटराच्या मागच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही जी तुझी लेकरां विक्रोळीसून कुर्ल्याक इली हत, ती टोकन घेवन तुझ्या दारात उभी हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांचो चलतो बॉक्स बंद पाडलो, आणि वर ह्यांचाच अभिनंदन केल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता रांगेतली परकी माणसंही सामील झाली होती. घाटकोपरहून आलेले एक गुजराती काका तर सगळ्यांच्या आधी म्हणत होते.

"ज्या कोणाच्या डोक्यात ह्या अपग्रेड शिरला, त्येच्या घरचो टीव्ही ऐन फायनलीत, शेवटच्या ओव्हरीक बंद पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या लेकरांक नवे बॉक्स, एक पैसो न घेता, उद्या दुपारच्या आत घरपोच मिळांदे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या शेवटच्या होकारात एक आवाज वेगळा होता. भरदार, मुरलेला, आणि काउंटरच्या पलीकडून आलेला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. राज सर टाय सोडून, हात जोडून, डोळे मिटून उभे होते. पायात बूट नव्हते. केव्हा काढले ते त्यांनाही ठाऊक नसावं. काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

राज सरांनी डोळे उघडले.

"खंयचो रे तू?" परबांनी विचारलं.

राज सर पायाने बूट चाचपत म्हणाले, "कणकवली."

"आणि नाव?"

"राजाराम."

"राजारामा, देवासमोर व्हय म्हटलंस. आता सिस्टममध्ये काय आहे, काय नाही, ते तू आणि तो बघून घ्या."

"काका, नोकरी जाईल माझी," राजाराम काकुळतीला आला. पण व्हय तर निघून गेलं होतं, आणि ते परत गिळायची त्याची छाती नव्हती. घरी म्हातारी आई असणार, तिच्या कानावर गेलं तर ती काय म्हणेल, हेही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने दोन-तीन फोन केले, इंग्रजीत, मग हिंदीत, शेवटी कुणाला तरी मालवणीत. मग कॉम्प्युटरवर बसला. आणि काय सांगावं, जुन्या ग्राहकांना चार्ज माफ करायचं एक बटण त्या सिस्टममध्ये पहिल्यापासून होतं!

बिल्डिंगने परबांना उचललंच. तेवढ्यात राजाराम हळूच म्हणाला, "काका, एकच आहे. रिमोट वेगळा. त्याचे दोनशे पडतील. ते माझ्या हातात नाही."

शहाणा माणूस असता तर त्याने दोनशे रुपये काढून दिले असते. पण परब त्या वेळी चार माणसांच्या खांद्यांवर होते. "रिमोट?" ते वरूनच गरजले. "बॉक्सला बटणं आहेत ना? आणि आम्हाला हात आहेत! नको तुमचा रिमोट!"

"नको रिमोट!" बिल्डिंग गरजली.

रविवारी दुपारच्या आत बॉक्स आला, लागला, आणि संध्याकाळी परबांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. कांजूरच्या विहीणबाई सगळ्यांच्या पुढे खुर्चीत. करमरकर सहकुटुंब. सुबोध दाराशी, खाली मान घालून. सुलक्षणाबाईंनी नऊवारी नेसली होती, नाकात नथ होती, आणि त्या खुर्ची सोडून टीव्हीच्या अगदी समोर जमिनीवर बसल्या होत्या. परब बॉक्सशेजारी, बटणांवर बोट ठेवून उभे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायको त्यांच्याकडे बघून हसली होती, त्यामुळे त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

कार्यक्रम सुरू झाला. समाजमंदिर दिसलं, बायका दिसल्या, "ती बघ मी!" म्हणून किंकाळ्या झाल्या. मग सगळ्या बाजूला सरल्या आणि सुलक्षणाबाई मध्ये आल्या. पदर खोचला. एक पाय पुढे टाकला. त्यांनी पहिली गिरकी घेतली आणि पडद्याच्या बरोब्बर मध्यावर एक पांढरी चौकट उमटली.

'नभदीपचा नवा बॉक्स आपल्याला कसा वाटला? तारे निवडा आणि ओके दाबा.'

पाच मोठे पिवळे तारे सुलक्षणाबाईंच्या तोंडावर बसले होते. चौकटीच्या खाली त्यांचे पाय तेवढे दिसत होते, गरगर फिरणारे.

"अहो, काढा ते!" सुलक्षणाबाई ओरडल्या.

परबांनी बटण दाबलं. आवाज वाढला. दुसरं दाबलं, आवाज आणखी वाढला. ओकेचं बटण बॉक्सवर नव्हतंच, ते रिमोटवर. करमरकर धावत जाऊन आपला रिमोट घेऊन आले, पण तो त्यांच्याच बॉक्सला ओळखत होता. परबांनी बॉक्सला थापट्या मारल्या, हलवला, विनवलासुद्धा. टीव्हीतून बायकांचं फू-फू मोठमोठ्याने येत होतं, टाळ्या पडत होत्या, आणि ताऱ्यांखाली ते दोन पाय फिरत होते. मग ते पाय थांबले, सोडलेल्या पदराचा कोपरा दिसला आणि जाहिराती लागल्या. चौकट आपोआप गेली. साबणाची जाहिरात अगदी स्वच्छ दिसली.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. परबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनशे रुपयांचा रिमोट, आणि आपण खांद्यांवर बसून नको म्हणालो. ते बायकोजवळ जाऊन खाली बसले.

"सुलक्षणा, माझंच चुकलं गो," ते म्हणाले. "हा कार्यक्रम ते पुन्हा लावतात, बुधवारी दुपारी. मी उद्या सकाळीच जातो. रिमोटचे भरतो. अठराशे म्हणाले तर अठराशे भरतो."

सुलक्षणाबाई अजून पडद्याकडेच बघत होत्या. त्यांनी डोळे पुसले, नथ सरळ केली आणि परबांकडे वळल्या.

"खबरदार एक रुपया दिलात तर!"

"अगो, पण..."

"माझ्या तोंडावर तारे लावले मेल्यांनी! माझ्या घरात, माझ्या टीव्हीत!" त्या उठून उभ्या राहिल्या. "ऑफिस किती वाजता उघडतं त्यांचं?"

"दहाला," परब घाबरत म्हणाले.

"सगळं मंडळ दहाला तिथे पाहिजे," सुलक्षणाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "त्यांच्या त्या काचेत फुगडी घालायची. त्या राजारामाच्या समोर. माझं तोंड नीट दिसेपर्यंत एकीनेही थांबायचं नाही."

"मी पण येते," वसुधावहिनी एकदम म्हणाल्या. "मला फुगडी येत नाही, पण येते."

"मी शिकवीन," सुलक्षणाबाई म्हणाल्या. मग परबांकडे वळून त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं, "अहो, लादी कशी आहे तिथली?"

"गुळगुळीत," परब म्हणाले. "पाय सरकतो."

"मग बरं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "गिरकी चांगली बसेल." आणि त्या उरलेले वडे तळायला आत गेल्या.